पाच मिनिटांचा शब्द



पालकसभा संपली, सह्या झाल्या, चहा झाला, की दोन-चार जण हमखास मागे रेंगाळतात. सगळ्यांसमोर विचारायला अवघड वाटणारा प्रश्न तेव्हा निघतो. पूर्वी तो अक्षराचा, पाढ्यांचा, नाहीतर नीट न जेवण्याचा असायचा. हल्ली बऱ्याचदा एकच तक्रार असते. ‘‘बाई, याला दमच निघत नाही बघा. मागितलं की लगेच हातात पाहिजे. भाकरी तव्यावर असते आणि याचा इकडे आरडाओरडा. गाडीत बसलं की पहिल्या फाट्यापासून ‘आलं का, आलं का’ सुरू. आम्ही असे नव्हतो.’’

शेवटचं वाक्य सोडून देऊ. आपण कसे होतो ते आपल्या आयांना विचारलेलं बरं. बाकीचं मात्र खरं आहे. त्यावर सगळे मोबाइलकडे बोट दाखवतात, तेही काही खोटं नाही. आवडलं नाही की बोटानं सरकवायचं, मागवलं की दुसऱ्या दिवशी दारात, अशा घरात वाढणाऱ्या मुलाला थांबण्याचा सराव कुठून होणार? पण एवढ्यावर विषय संपवला तर आपली सुटका फार स्वस्तात होते. म्हणून मी त्या पालकांना उलटा प्रश्न विचारते : ‘‘तुम्ही त्याला ‘थांब’ म्हणता, त्यानंतर काय होतं?’’

आठवून बघा. ‘‘थांब, पाच मिनिटांत येते,’’ असं आपण म्हणतो आणि फोनवर अर्धा तास जातो. ‘‘रंगपेटी उद्या आणतो,’’ म्हणतो आणि तो उद्या येतच नाही. ‘‘या रविवारी सागरेश्वरला हरणं बघायला जाऊ,’’ म्हणतो. रविवारी पाहुणे येतात, पुढच्या रविवारी लग्न निघतं, आणि हरणांचा विषय आपल्या डोक्यातून जातो. मुलाच्या डोक्यातून तो जात नाही. ‘‘दुकान बंद आहे’’, ‘‘सुई दुखत नाही’’, ‘‘तू झोप, मी इथंच आहे’’ या आणखी काही थापा. त्यात आपला वाईट हेतू नसतो. वेळ निभावून न्यायची असते एवढंच. पण मूल हिशेब ठेवतं. चार वर्षांच्या पोराला शंभरापर्यंत अंक येत नसतील, पण कुणाचं ‘थांब’ खरं आणि कुणाचं नुसतं टाळण्याचं, हे त्याला चोख कळतं. आज्जी ‘थांब’ म्हणाली की ते थांबतं आणि आपण म्हटलं की भोकाड पसरतं, तेव्हा त्याला आज्जीचा अनुभव आहे आणि आपलाही आहे.

मला आज तुमच्याशी बोलायचं आहे ते याचविषयी. धीर हा काही मुलांच्या रक्तात कमीजास्त असतो असं नाही. मूल थांबतं ते समोरच्याच्या शब्दावर.

खाऊच्या परीक्षेची गोष्ट तुम्ही कुठल्या तरी व्याख्यानात ऐकली असेल. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानं मुलांपुढे खाऊ ठेवला. आत्ता खाल्लास तर एवढाच. मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त. पुढे ही मुलं मोठी झाल्यावर पाहिलं, तर जी थांबू शकली होती ती शाळेतही सरस दिसली. आपल्याकडे गोष्ट इथंच संपवतात आणि मुलांना सांगतात, बघा, थांबणारा जिंकतो. पुढचं कुणी सांगत नाही. 2018 मध्ये टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 900 हून अधिक मुलांची माहिती तपासली. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण या गोष्टी हिशेबात धरल्यावर थांबणं आणि पुढचं यश यांच्यातला तो संबंध बराच फिका पडला.

त्याहून बोलका प्रयोग रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं 28, वय 3 ते 5 वर्षं. आधी मुलांना चित्रासाठी जुने-पुराणे खडू दिले आणि सांगितलं, थांबलास तर याहून छान सामान आणून देते. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिलं. उरलेल्यांना सांगितलं, ‘‘अरे, नाहीये माझ्याकडे.’’ पुढे स्टिकरच्या बाबतीतही तसंच केलं. मग खाऊची परीक्षा घेतली. जिनं शब्द पाळला होता तिच्यासाठी मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. जिनं मोडला होता तिच्यासाठी सरासरी 3 मिनिटं. पूर्ण 15 मिनिटं थांबणारी मुलं पहिल्या गटातल्या 14 पैकी 9 होती, दुसऱ्या गटात फक्त 1. मुलं सारखीच होती. फरक मोठ्या माणसाच्या शब्दात होता.

आता मला सांगा, ज्याला दोनदा फसवलं त्यानं समोरचा खाऊ लगेच तोंडात टाकला, तर तो अधीर की शहाणा?

हे समजून घ्यायला अमेरिकेपर्यंत जायची तशी गरज नाही. आपल्या भागात हळद लावणाऱ्या कुणालाही विचारा. सांगलीची हळद देशभर जाते, 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण ती शेतात किती काळ असते, हे आपल्या मुलांना माहीत नसतं. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर जमिनीत गड्डा घालायचा. तीन-चार आठवडे वर काही दिसत नाही. मग कोंब येतो, पानं वाढतात, पण जे पिकवायचं आहे ते सगळं मातीखाली. मध्ये पाऊस येतो, बेंदूर होतो, नागपंचमी होते, गौरी-गणपती येऊन जातात, दसरा-दिवाळी सरते. संक्रांतीच्या आसपास पाला पिवळा पडून वाळायला लागतो तेव्हा काढणीची वेळ येते. आठ-नऊ महिने झालेले असतात. त्यानंतरही हळद लगेच बाजारात जात नाही. ती शिजवायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, पॉलिश करायची, मग कुठे सौदा.

एवढे महिने तो शेतकरी धीर धरतो, कारण हळद येते हे त्यानं वडिलांच्या शेतात पाहिलेलं आहे. जमिनीचा अनुभव त्याच्या गाठीशी आहे. ज्या पिकाच्या भावाचा भरवसा नाही तिथे हाच माणूस पुढच्या वर्षी पीक बदलतो, आणि आपण त्याला अधीर म्हणत नाही.

हरिपूरच्या पेवांचंही तसंच. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात जमिनीखाली पेवं खणून त्यात हळद साठवायचे. तिथली माती अशी, की आत ठेवलेली हळद टिकून राही. चांगल्या भावाची वाट बघणारा व्यापारी निर्धास्त असे, कारण पेवानं पूर्वी दगा दिलेला नव्हता. 2005 च्या महापुरात यातली बरीच पेवं पाण्यात गेली आणि साठवणीची ती रीत मागे पडली. एका पुरानं किती वर्षांचा भरवसा उठवला, याचा विचार करा. लहान मुलाच्या मनातला आपल्याबद्दलचा भरवसा तर त्याहून नाजूक असतो.

हळदीकडून घेण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे या नऊ महिन्यांत शेतकरी बसून नसतो. पाणी, खुरपणी, खतं, भरणी, करपा पडला का बघणं, कंदकूज लागली का बघणं. त्याच्या वाट बघण्याला काम जोडलेलं असतं. आपण मुलाला मात्र सांगतो, ‘‘गप बस की जरा.’’ म्हणजे हातात काही नाही, डोळ्यापुढे काही नाही, आणि शेवट कधी तेही माहीत नाही. असं बसणं मोठ्यांनाही जमत नाही. एसटी स्टँडवर गाडीला उशीर झाला की आपण चौकशीच्या खिडकीवर किती वेळा जातो?

म्हणून ‘थांब’ला काम जोडून द्या. भाकरी होईपर्यंत शेंगा सोल, लसूण निवड, ताटं मांड, पाणी भर. गाडीत असाल तर कऱ्हाडचा पूल कधी येतो ते बघ, मग किती उसाचे ट्रॅक्टर जातात ते मोज. मुलाला नुसतं रमवण्यापेक्षा हे वेगळं आहे. ताट मांडणारं मूल जेवण तयार होण्याच्या कामात सामील झालेलं असतं. आता ते जेवणाची वाट बघत नाही, जेवण करतंय.

आणि शेवट दिसू द्या. पाचेक वर्षांच्या आतल्या मुलाला ‘पुढच्या आठवड्यात’ किंवा ‘दोन महिन्यांनी’ यातलं काही उमगत नाही. त्याला ‘आंघोळ झाल्यावर’, ‘दुपारी झोपून उठल्यावर’, ‘दोन वेळा रात्र झाली की’ असं सांगितलं तर कळतं. जरा मोठ्या मुलाला सण लावून द्या. आपल्या बायाबापड्यांनी काळ असाच मोजला. मामाच्या गावाला कधी जायचं? बेंदूर झाला, की नागपंचमी, ती झाली की गणपती, मग दिवाळी, आणि दिवाळीत मामाकडे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्यालाच खूण करू द्या. काळाला असे टप्पे दिसले की तो सरकताना दिसतो, आणि सरकताना दिसणारा काळ सोसवतो.

घरात करून बघण्यासारखी एक सोपी गोष्ट सांगते. येत्या उन्हाळ्याच्या शेवटी मोठ्या कुंडीत हळदीचा एक गड्डा लावा. मुलाच्या हातानं लावा, तारीख त्याच्याच हातानं लिहा. शाळेच्या आवारात आम्ही हे केलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोघा-तिघांनी माती उकरून पाहिलं. त्यांना रागावू नका. उकरून पाहणं हा शंकेचा सरळ मार्ग आहे. फक्त सांगा, की उकरलं तर कोंब दुखावतो, आणि मग त्याच्याबरोबर रोज कुंडीपाशी जा. कोंब दिसेल त्या दिवशी मुलाला जे मिळेल ते कुठल्याही भाषणातून मिळणार नाही : कुणीतरी ‘येईल’ म्हटलं होतं आणि ते आलं.

जमलं तर मुलांना मिरजेला घेऊन जा. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत काम चालू असताना बघायला मिळतं. सतार आणि तानपुरा करणाऱ्या या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, हत्यारं करणारे. पुढे ते वाद्यांकडे वळले आणि आज मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 पासून भौगोलिक मानांकन आहे. भोपळा पुरता वाळल्याशिवाय कामाला घेत नाहीत. लाकडाचंही तसंच. सगळ्यात मजा जवारीची. घोडीवरून तार जाते तिथला पृष्ठभाग कारागीर थोडा घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. जास्त घासलं गेलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पोरांना दहा मिनिटं तिथे उभं करा आणि काही बोलू नका. तो माणूस घाई का करत नाही, हे त्यांना विचारावंसं वाटलं तर उत्तर त्याच्याकडूनच मिळू द्या. मुलांनी ज्या वेगानं चालणारी मोठी माणसं पाहिलीच नाहीत, त्या वेगाची अपेक्षा त्यांच्याकडून कशी करायची?

आणि इथे आपली पंचाईत होते. मुलांना आपण थांबायला सांगतो, पण मुलांसाठी आपण थांबतो का? सकाळची वेळ घ्या. पोर बुटाची नाडी बांधतंय. एक फास झाला, दुसरा सुटला. आपण म्हणतो, ‘‘दे इकडे, रिक्षा यायची वेळ झाली.’’ पोर एखादी गोष्ट सांगतंय, शब्द अडतोय, आपण वाक्य पूर्ण करून टाकतो. बाळ वर्षाचं झालं तरी चालत नाही म्हणून शेजारणीला विचारून होतं, दवाखाना होतो. खरं तर 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान कधीही चालायला लागणं रीतसर आहे. लहान गटात बाराखडी यायला हवी, पहिलीत इंग्रजी धडाधड वाचता यायला हवं, शेजारच्याचं आलं, आमच्याचं का नाही? घरात सगळ्यात जास्त घाई कुणाला आहे हे मुलाला विचारलं, तर ते आपलंच नाव घेईल. नाडीसाठी दोन मिनिटं थांबणं आपल्याला जमत नसेल तर खेळण्यासाठी दोन महिने थांबणं त्याला कसं जमेल? रोज दहा मिनिटं लवकर उठावं लागलं तरी चालेल, पण नाडी त्याची त्याला बांधू द्या.

एक धोक्याची सूचना मात्र दिलीच पाहिजे. ‘धीर धर’ हा सल्ला आपण चुकीच्या जागीही देतो. मूल म्हणालं, की अमुक काकांजवळ बसायला नको वाटतं, अमुक सर हात उगारतात, वर्गातली पोरं रोज डबा हिसकावतात, तर तिथे ‘जाऊ दे, होईल नीट’ म्हणायचं नाही. तिथे लगेच उठायचं. आपल्या मातीनं लगेच उठणं आणि धीर धरणं दोन्ही शिकवलंय. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते त्या काळात, 1943 ते 1946 मध्ये, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथल्याच गावांतून चाललं. स्वातंत्र्य कुणी देईल म्हणून ती माणसं बसून राहिली नाहीत. त्याच जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली, आणि साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहायला 1947 साल उजाडलं. 28 वर्षं त्यांनी पोरं गोळा केली, वसतिगृहं चालवली, शिक्षक घडवले. अन्याय दिसला की घाई करायची आणि माणूस घडवायचा असेल तर वेळ द्यायचा, एवढा विवेक मुलाला दिला तरी पुष्कळ झालं.

आता थोडं तुमच्या-माझ्यासाठी. मुलांनी थांबावं म्हणून आपण इतका जीव काढतो, पण त्यांचं लहानपण काही आपल्यासाठी थांबणार नाही. कासच्या पठारावर आपण सगळेच जातो. पठाराला 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा म्हणून मान मिळाल्यापासून तर गर्दी विचारू नका. बुकिंग करायचं, फोटो काढायचे, ठोसेघर उरकायचं, संध्याकाळी घरी. तिथली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा भरभरून फुलते. ज्या वर्षी तुम्ही बालवाडीतल्या पोराला खांद्यावर घेऊन तिची फुलं दाखवाल, त्यानंतरच्या फुलोऱ्याला ते पोर सातवी-आठवीत असेल, मित्रांबरोबर पुढे चालत असेल, आणि खांद्यावर घेण्याचा प्रश्नच उरणार नाही. मधली वर्षं ‘कधी एकदा मोठा होतोय’ म्हणत आपण घालवणार असू, तर ती आपल्याला जाणवायचीसुद्धा नाहीत. मुलाला जेवायला पाऊण तास लागतो, अंगणातल्या मुंगळ्यापाशी ते अर्धा तास बसतं, एकच गोष्ट चौथ्यांदा ऐकायला मागतं. आपल्या दिवसातला हा रेंगाळलेला वेळ वाया जातोय असं वाटत असेल, तर त्याच्याशेजारी एकदा फोन आत ठेवून बसा. पहिली पाच मिनिटं जड जातील. नंतर मुंगळा खरंच बघण्यासारखा वाटायला लागतो.

तर आजपासून काय करायचं? मोठे संकल्प नकोत. या आठवड्यात मुलाला एकच लहानसं वचन द्या, जे तुमच्या हातात आहे असं. ‘‘कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की मी खेळायला येते.’’ तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद करून जा, फोन वाजला तरी जा. घड्याळातली ‘पाच मिनिटं’ बोलायची असतील तर खरोखर पाच मिनिटांत उठा, नाहीतर ‘अर्धा तास लागेल’ असं सरळ सांगा. मूल रुसेल, पण ते रुसणं खोट्या आशेपेक्षा बरं. जे आणणं शक्य नाही त्याला आजच ‘नाही’ म्हणा. ‘नाही’ हाही पाळता येण्यासारखा शब्दच आहे.

पहिल्या चार दिवसांत मूल काही शहाण्यासारखं गप्प बसणार नाही. जुना हिशेब बाकी असतो. ते दोन-चार वेळा तुमची परीक्षा घेईल. आणि कधीतरी तुमचाही शब्द मोडेलच. पाऊस येईल, सुट्टी मंजूर होणार नाही, पैसे पुरणार नाहीत. तसं झालं तर मुलानं विचारण्याची वाट बघू नका. तुम्हीच आधी जाऊन सांगा : ‘‘आज जमत नाही. कारण हे आहे. आता अमुक दिवशी जाऊ.’’ आणि तो दिवस कालनिर्णयवर त्याच्या देखत लिहा.